मागचाच आकडा

आमच्या ऑफिसात माणसाला नावानं कोणी हाक मारत नाही. जो ज्या मालाचे भाव गोळा करतो, तेच त्याचं नाव. भाजीबाई आहेत, तेलकाका आहेत, आणि एक सज्जन गृहस्थ गेली वीस वर्षं 'पीठ' म्हणून ओळखले जातात आणि पीठ म्हणूनच निवृत्त होतील. माझ्याकडे दूध, अंडी, पाव, लोणी आणि साखर असे पाच जिन्नस. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? म्हणून मी भावताई.

दर दहा दिवसांनी एक फेरी. सोळा दुकानं, जिथं जो जिन्नस मिळतो तिथं त्याचा भाव, फॉर्मवर निळ्या शाईत. अकरा वर्षांत मी एक फेरी चुकवलेली नाही, तापातसुद्धा नाही. हे आकडे वरच्या मजल्यावर जातात, तिथं त्यांचा निर्देशांक होतो, आणि त्या निर्देशांकावर नगरपालिका ठरवते की शाळा, दवाखाने आणि वृद्धाश्रम यांच्या स्वयंपाकघरांना एका ताटामागे किती पैसे द्यायचे. त्यातल्याच एका वृद्धाश्रमात, तळमजल्यावर, दाराशेजारच्या खाटेवर माझी आई आहे.

आईला तिथं ठेवलं म्हणून मला बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांनी माझ्या घरी येऊन तिसऱ्या मजल्याचा जिना बघावा. खुब्याचं हाड मोडलेल्या बाईला मी तिथं दिवसभर कुलूप लावून ठेवायला हवं होतं का? तरी रोज जिना चढताना ते बोलणं माझ्या कानात असतंच. ते खोटं नाही, हे मला कळतं, म्हणूनच राग येतो.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "रोज एक अंडं आणि दोन वेळा दूध गेलं पाहिजे. नाहीतर हाड जुळणार नाही, आणि या वयात दुसरं ऑपरेशन आम्ही करणार नाही." सुरुवातीला वृद्धाश्रमात ते सगळं मिळायचं. मग दूध एक वेळेवर आलं. मग अंडं आठवड्यातून तीनदा, मग एकदा, तेही अर्धं. मी स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याला फैलावर घेतलं. त्यानं शांतपणे हातातला झारा ठेवला आणि मला त्याच्या कपाटापाशी नेलं.

"बघा ताई. ताटाचा दर दीड वर्षं जागचा हललेला नाही. बाजारात जा आणि या दरात अडतीस माणसांना अंडं घालून दाखवा. मी तुमचे पाय धरीन."

मी त्याला ऐकवलं की भाव मीच गोळा करते, आणि अंड्याचा भाव दीड वर्षात कसाबसा दोन टक्के हललाय. तो माझ्याकडे बघत राहिला. मला चोर म्हणावं की वेडी, हे त्याला ठरवता येत नसावं. मी त्याला मनातल्या मनात चोर ठरवून टाकलं होतं.

बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. एकदा कोणाच्या तरी पाहुण्यानं आणलेल्या खाण्यानं सहाजणांना उलट्या झाल्या, तेव्हापासून. मी तरी पिशवीत लपवून उकडलेलं अंडं न्यायची. आई दोऱ्यानं त्याचे चार भाग करायची आणि खोलीतल्या तिघींना वाटून टाकायची. "मी एकटी कशी खाऊ गं? त्या बघतात ना." आणखी नेऊन पाहिली, तर शेजारच्या खोलीतल्याही आल्या. तेव्हा मी हात टेकले.

एकच दिलासा होता, आईचं वजन टिकून होतं. खाटेला लावलेल्या कार्डावर दर महिन्याचा आकडा असे. आली तेव्हा चव्वेचाळीस किलो, मग बेचाळीस, आणि मग पाच महिने एकेचाळीसच्या आसपास. सिस्टर म्हणायच्या, "वजन दहा टक्क्यांनी उतरलं, तर डॉक्टर वेगळा आहार लिहून देतात. त्याचे पैसे ताटातून जात नाहीत. पण तुमच्या आईचं चांगलं आहे हो." चेहऱ्यावरून ते चांगलं दिसत नव्हतं. गालांत खड्डे पडले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. पण मी आकड्यांवर जगणारी बाई. कार्डावर एकेचाळीस लिहिलंय म्हटल्यावर मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत शेतीखर्चवाला माझ्या टेबलाशी आला. हा आमच्याच ऑफिसातला, पण त्याचं काम उलट्या टोकाचं. तो गोठ्यांत आणि कुक्कुटपालनाच्या शेडांत जाऊन माल तयार करायला काय खर्च येतो ते लिहून आणतो. कपड्यांना कायम पेंडीचा वास, म्हणून त्याच्या शेजारी बसून कोणी डबा उघडत नाही.

"भावताई, एक विचारू? कोंबड्यांचं खाद्य वर्षभरात एकतीस टक्क्यांनी चढलंय. वीज, औषधं, वाहतूक, सगळं चढलंय. मग तुमच्याच अंड्यांना काय झालं? तुमच्या भागातल्या कोंबड्या उपास करतात की काय?"

सगळे हसले. मीही हसले आणि म्हटलं, "तुमचे कुक्कुटपालनवाले रडे आहेत. खर्च विचारला की रडायचं, हा त्यांचा धंदाच." पण डबा मी तसाच बंद केला. शेडवाले वाढवून सांगतात हे खरं, पण एकतीस टक्के वाढवून सांगायला सगळ्यांनी एकत्र बसून ठरवावं लागेल.

दुसऱ्या दिवशी फेरीला निघाले तेव्हा पहिल्यांदाच मी फॉर्म आणि ऑफिसचं ओळखपत्र पिशवीत लपवलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात माझ्यापुढे एक बाई होती. तिनं डझनभर अंडी मागितली. दुकानदार म्हणाला, "चौऱ्याऐंशी." तिनं तोंड वाकडं केलं, पैसे मोजले आणि गेली. मी पुढे सरकले. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"या या, भावताई. आज लवकर? अंडी अडुसष्ट, लिहून घ्या."

"आत्ता त्या बाईला चौऱ्याऐंशीला दिलीत."

"ते गिऱ्हाईक," तो म्हणाला. "तुम्ही घरच्या. अकरा वर्षं येताय, माझ्या मुलीच्या लग्नाला आलात. तुम्हाला तो भाव कसा लावू?"

"अहो, पण मी विकत घेत नाही. मी फक्त लिहून घेते."

"तेच तर. घेत काही नाही, मग निदान भाव तरी गोड सांगावा."

तो इतक्या मायेनं हसत होता की मला त्याला मारावंसं वाटलं. त्या दिवशी मी उरलेली पंधरा दुकानं फिरले, प्रत्येक ठिकाणी आधी दुसऱ्याच्या पाठीमागे उभी राहून ऐकलं आणि मग पुढे झाले. अकरा दुकानांत माझा भाव वेगळा निघाला. बेकरीवाली म्हणाली की भावताईला मेली महागाई काय सांगायची, एवढ्या उन्हातान्हात फिरते बिचारी. दूधवाल्याला वाटत होतं की मी चढा भाव लिहिला तर त्याच्यावर चौकशी येईल. लोण्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं सरळ कबूल केलं की तो मला दीड वर्षापूर्वीचाच आकडा सांगतो, कारण तो त्याच्या पाठ आहे.

घरी येऊन मी बेरीज केली. सगळं धरून बावीस टक्क्यांचा फरक. आईच्या ताटातलं दूध आणि अंडं कोणी पळवलं होतं, ते आता मला कळलं होतं. आचारी चोर नव्हता. मी स्वतः, निळ्या शाईत, दर दहा दिवसांनी ते काढून घेत होते, आणि वर त्याला तोंड वर करून झापलंही होतं.

बुधवारी सकाळी खरे भाव भरून मी कागद वर दिले. तासाभरानं साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

"हे मशीन घेणार नाही, भावताई. एका फेरीत दहा टक्क्यांच्या वर उडी गेली, की मशीन तो आकडा संशयास्पद ठरवतं आणि मागचाच आकडा पुढे ओढतं. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. ऑफिसात त्याला 'मागचं पुढे' म्हणतात. दुकान बंद असलं, माल नसला, आकडा विचित्र आला, की मागचं पुढे. मीही शेकडो वेळा केलंय.

"मग मी लिहून देते की दीड वर्षाचे माझे आकडे चुकीचे आहेत."

"द्या. समिती बसेल, चौकशी होईल, सोळा दुकानं बदलतील, तुमची बदली होईल. आठ-नऊ महिने धरा."

"माझ्या आईकडे आठ-नऊ महिने नाहीत, साहेब." माझा आवाज फाटला. अकरा वर्षांत मी त्या खोलीत कधी रडले नव्हते. साहेबांनी खिडकीकडे बघितलं, मग खण उघडून एक जुनं परिपत्रक काढलं.

परिपत्रकात एक वाट होती. आमचं ऑफिस ग्राहकांची मतंही घेतं. महागाईबद्दल काय वाटतं, काय खाणं कमी केलं, वगैरे. ही मतपाहणी एखाद्या संस्थेत घेतली, आणि तिथं जेवणाऱ्यांपैकी एक तृतीयांश लोकांनी 'जेवण कमी पडतं' असं सांगितलं, तर नगरपालिकेला पंधरा दिवसांत ताटाचा दर नव्यानं ठरवावा लागतो. निर्देशांक काहीही म्हणो. वृद्धाश्रमात अडतीस माणसं. म्हणजे तेरा पुरे.

"उद्याच घ्या," साहेब म्हणाले. "पण तुमची आई तिथं आहे, तेव्हा प्रश्न तुम्ही विचारायचे नाहीत. भाजीबाई विचारतील. तुम्ही खोलीत पाऊलही टाकायचं नाही."

तेरा. मी मनात मोजूनच टाकले. खोलीतल्या चौघी झाल्या. शेजारच्या खोलीतल्या, माझं अंडं खायला आलेल्या, पाच. रोज जेवणावरून भांडणारे निवृत्त मास्तर एक. दहा तर इथंच झाले. तेरा काय, तीस होतील. त्या संध्याकाळी मी वृद्धाश्रमात फोन लावला आणि आईला बोलावून घेतलं.

"आई, उद्या आमच्या ऑफिसातून बाई येतील, जेवणाबद्दल विचारतील. नीट सांग. बाकीच्यांनाही सांग, नीट सांगा म्हणावं. माझ्या कामावरच आहे गं सगळं."

"तुझ्या कामावर?" आई म्हणाली. "बरं, बरं. तू काळजी करू नको. मी बघते."

मला त्या रात्री कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

गुरुवारी दहा वाजता भाजीबाई कागदांचा गठ्ठा घेऊन आत गेल्या आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दारं बंद. आतून नुसती कुजबुज ऐकू यायची, मधेच मास्तरांचा चढा आवाज. बाहेर उकाडा मरणाचा होता. बारा वाजता जेवणाची गाडी समोरून गेली. पातळ रस्सा, दोन पाव, एक बटाटा. मी बटाट्याकडे बघून म्हटलं, बस, आजचा दिवस.

दीड वाजता भाजीबाई बाहेर आल्या. माझ्याशेजारी बसल्या, चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही.

"किती?" मी विचारलं.

"दोन."

मला वाटलं त्या चेष्टा करतायत. त्यांनी गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. 'जेवण पोटभर मिळतं का?' या प्रश्नापुढे पानामागून पान एकच खूण. पोटभर. पोटभर. पोटभर. कमी पडतं म्हणणारे दोघं: एक मास्तर, आणि एक आजोबा, ज्यांना कमी ऐकू येतं आणि जे मिठाबद्दल बोलत होते.

"अहो, पण का?"

"तुझ्या आईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं," भाजीबाई म्हणाल्या. त्या मला कधी अगंतुगं करत नाहीत. "सकाळी सहापासून वॉकर घेऊन खाटेखाटेपाशी फिरली म्हणे. आज माझ्या मुलीची परीक्षा आहे, तिच्याच भावावर आपलं ताट चालतं, कोणी कमी म्हणू नका, तिची नोकरी जाईल. एकेक जण मला काय म्हणतोय माहीत आहे? आमच्या भावताईचं माप आहे, कमी कसं पडेल? त्या पलीकडच्या आजी तर हात जोडून म्हणाल्या, पोरीला सांभाळून घ्या."

"आणि आई? ती काय म्हणाली?"

भाजीबाईंनी सगळ्यात वरचं पान काढून दिलं. शेरा लिहायच्या जागेत, नियमाप्रमाणे, बोललेलं जसंच्या तसं लिहिलं होतं: 'माझी मुलगी अकरा वर्षं एक दिवस न चुकता भाव आणते. ती असताना आम्हाला काय कमी?'

मला आईचा भयंकर राग आला होता. मोडक्या खुब्यानं अडतीस खाटा फिरायला हिला कोणी सांगितलं होतं? तर मीच सांगितलं होतं. माझ्या कामावर आहे म्हणाले, ती नुसतं तेवढंच ऐकून बसली. दुकानदारांनी मला गोड भाव सांगितला, आणि आईनं सगळ्या वृद्धाश्रमाला गोड भाव सांगायला शिकवलं. माझ्यावर माया करणाऱ्या माणसांनी मिळून माझ्या आईला उपाशी ठेवलं होतं, आणि भांडायला समोर कोणीच नव्हतं.

तीन वाजता व्हरांड्यात घंटा वाजली. महिन्याचा वजनाचा दिवस होता. सिस्टरांनी वजनकाटा बाहेर आणला आणि बायका एकेक करून रांगेत आल्या. मी आईला आणायला आत गेले. आई खाटेवर बसली होती, तोंडावर असा आनंद, की जणू मीच काहीतरी जिंकून आले होते.

"झालं ना नीट? सगळे बोलले ना?"

"झालं, आई."

"मग तोंड का असं? चल, स्वेटर दे तो."

"या उकाड्यात स्वेटर?"

"दे म्हणते ना. गार वाटतं मला."

खुंटीवरचा स्वेटर उचलला आणि माझा हात खाली गेला. मी खिशात हात घातला. आमच्या जुन्या घराच्या दाराचं पितळी कुलूप निघालं, हाताएवढं. दुसऱ्या खिशात एक वाटी, रुमालात बांधलेले दोन दगड आणि वापरून संपलेले बॅटरीचे सेल.

"ठेव तिथं," आई हळूच म्हणाली. "सिस्टर बोलवतील आता."

"किती महिने, आई?"

तिनं बांगड्या मागे सारल्या. मग म्हणाली, "वजन कमी लिहिलं की सिस्टर तुला फोन करतात. तू ऑफिसातून धावत येतेस. पगार कापतात तुझा. मला काय होतंय? म्हातारं माणूस वाळतंच."

मी सगळं तिच्या उशीवर काढून ठेवलं. कुलूप, दगड, वाटी, सेल. स्वेटर परत खुंटीला लावला. आईनं माझं मनगट धरलं. त्या पकडीत काही जोरच नव्हता, तरी ती सोडवताना माझा जीव गेला. तिला धरून मी व्हरांड्यात आणलं. ती सगळ्यांसमोर पातळ साडीत उभी राहिली, खांद्याची हाडं दिसत होती, आणि रांगेतल्या कोणी तिच्याकडे सरळ बघेना.

काट्यावर चढवली. वॉकरवरून तिचे हात मी स्वतः काढले. आकडा थरथरला आणि थांबला. सदतीस पूर्णांक दोन.

सिस्टरांनी कार्ड बघितलं, काट्याला एक थाप मारली, परत बघितलं.

"मागच्या महिन्यात एकेचाळीस होतं. एका महिन्यात चार किलो? हे मशीन बिघडलंय. असू दे, मी मागचाच आकडा लिहिते."

"नाही," मी म्हटलं. "आहे तोच लिहा. आणि डॉक्टरांना आत्ता बोलवा."

सिस्टरांनी लिहिलं. आईनं माझ्याकडे बघितलं नाही. काट्यावरून उतरताना तिनं माझा हात न घेता भिंत धरली आणि म्हणाली, "चारचौघांत मला खोटं पाडलंस."

तिच्यामागे शेजारच्या खोलीतल्या आजी उभ्या होत्या. भाजीबाईंना हात जोडणाऱ्या, त्याच. एवढ्या उकाड्यात त्यांनी गळ्यापर्यंत बटणं लावून स्वेटर घातला होता, आणि त्यांच्यामागच्या सगळ्यांनीही. आजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, खिशावर हात घट्ट दाबला आणि काट्यावर चढल्या.

"एकोणचाळीस," सिस्टर म्हणाल्या. "छान आहे."